कडं नसलेली आंबुशी

हिसानो देवळातून घरी आली आणि चपला काढता काढता उंबऱ्यातच थांबली. मागच्या खोलीत बांबूच्या काठीवर तिचा पडदा टांगलेला होता.

सेहेचाळीस वर्षं त्या पडद्याला तिनं हात लावला नव्हता. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, कापराच्या वड्यांबरोबर, कागदात गुंडाळून तो पडून होता. गेल्या सालच्या भूकंपात कपाट हातभर सरकलं आणि नेमका तोच खण तिरका होऊन अडकला, तेव्हा हिसानोला मनातून बरंच वाटलं होतं. उघडायला नकोच. आणि आज कुणीतरी तो उचकटून उघडला होता. कुणीतरी म्हणजे दुसरं कोण असणार, सून. नवरा एइसाकु पुढच्या दुकानात मेणबत्त्यांच्या वाती वळत बसला होता, आणि बायको बोलायला लागली की त्याचा डावा कान काम करत नसे.

सून चिनात्सु हात पुसत पुढं आली. आधीच रागावू नका, म्हणाली. मेमध्ये रस्त्यावरची सगळी घरं आपापल्या सासुरवाशिणींचे पडदे लावतात, लांबून लोक बघायला येतात, आणि आपलंच एक घर दरवर्षी दार लोटून बसतं. लोक विचारतात, मेणबत्तीवाल्यांची सून काय पळून आली होती? म्हणून तिनं परस्पर होकार देऊन टाकला होता. चिनात्सु स्वतः कानाझावाहून दोन सुटकेस घेऊन आली होती, पडदा-बिडदा काही आणला नव्हता, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

या उपसागराकाठच्या गावांत मुलगी सासरी निघाली की कपाटं, पेट्या, गाद्या यांच्याबरोबर एक रेशमी पडदाही निघतो. त्याला नोरेन म्हणतात. माथ्यावर माहेरच्या घराण्याची खूण, खाली बदकं, लाटा, फुलं, ज्याची जशी हौस. लग्नाच्या दिवशी तो सासरच्या देवघराच्या दारावर लावतात. नवरी त्याच्याखालून वाकून आत जाते, सासरच्या पितरांना हात जोडते, आणि तिथून पुढं ती त्या घरची. आठवड्यानं पडदा उतरतो आणि पेटीत जातो तो जातोच. त्याचं सगळं आयुष्य त्या आठ दिवसांचं.

हिसानोचा पडदा आठ दिवस सोडाच, आठ क्षणही धड लागला नव्हता.

तिच्या रागाला गल्लीत नाव होतं. सकाळी तिनं गाद्या उन्हात टाकून बडवायला घेतल्या की शेजारणी म्हणत, आज कुणाची पाठ आहे कोण जाणे. आत्ताही ती तरातरा पुढं गेली. पडदा ओढून काढायचा, घडी करायची, आणि सुनेला काय सुनवायचं ते घडी करता करता सुनवायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. हात काठीपर्यंत पोचला आणि तिथंच राहिला.

माहेरची खूण आंबुशीची होती. तीन पानं, बदामाच्या आकाराची, देठाला देठ लावून बसलेली. पडद्याचे तीन पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याच्या माथ्यावर एकेक आंबुशी. आणि तिन्ही आंबुशींभोवती एकेक पांढरं कडं होतं.

लग्नाच्या दिवशी हे कडं नव्हतं. असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

ती जवळ गेली. कडं रंगातलं नव्हतं. दोऱ्याचं होतं. पांढऱ्या रेशमाच्या दोऱ्यानं, तांदळाच्या कणीएवढे टाके घालून, कुणीतरी ते शिवून काढलं होतं. कुणीतरी नव्हे. तो टाका ती ओळखत होती. वीस वर्षं त्याच टाक्यानं शिवलेले मोजे तिनं धुतले होते. सासूचा टाका.

“ही बाई मेल्यावरही मला विचारत नाही,” हिसानो म्हणाली.

सुनेला वाटलं आपल्यालाच बोलल्या. ती चहा ठेवायला आत गेली.

*

हिसानोचा बाप योहेइ इवासाका सुतार होता. घरं बांधणारा नव्हे. सरकती दारं, कागदी जाळीपट, दारावरच्या कोरीव पट्ट्या करणारा. इवासाकांची थोरली पाती लाकडाच्या व्यापारात होती आणि गावात त्यांच्या घराला दगडी जोतं होतं. योहेइ धाकटा. बाप मेला तेव्हा थोरल्या भावाला घर, वखार, पितरांचं देवघर असं सगळं मिळालं. योहेइला करवत मिळाली आणि घराण्याची खूण मिळाली, पण भोवती कडं घालून. हीच रीत आहे. थोरल्या पातीची आंबुशी मोकळी, धाकटीची कड्यात. कुणाच्याही अंगरख्यावर लांबून बघावं आणि कळावं, हा कुठल्या पंगतीत बसायचा.

आणि थोरल्या घराचं दारनदार मात्र योहेइनं केलं होतं. देवघरापुढची चार सरकती दारं करायला त्याला दोन हिवाळे लागले. त्यांच्या माथ्यावरच्या पट्टीत त्यानं आंबुशीची पानं कोरली. मोकळी. दुसऱ्याच्या घरासाठी. श्राद्धाला बोलावणं आलं की तो त्याच दारांतून आत जाऊन सगळ्यात शेवटच्या आसनावर बसे आणि सगळ्यांच्या आधी उठे.

हिसानोचं लग्न ठरलं तेव्हा पडदा रंगवायला दिला तोकुजिरोकडे. नदीकाठी त्याची रंगशाळा होती. तांदळाची खळ कागदी शंकूतून सुईसारखी बारीक सोडत रेघ काढायची, वर रंग द्यायचा, मग नदीत धुवायचं. जिथं खळ तिथं पांढरं. अशा कामात त्याचा हात धरणारा उपसागराच्या या अंगाला नव्हता.

लग्नाच्या सकाळी दोन्ही घरचं पाणी एका मातीच्या वाटीत घालून हिसानो प्याली. वाटी उंबऱ्यावर आपटून फोडली, म्हणजे परतीची वाट बंद. आत देवघराच्या दारावर तिचा पडदा लागलेला. मोरपंखी रेशीम, खाली बदकांची जोडी. ती खाली मान घालून चार पावलं चालली असेल. तेवढ्यात थोरल्या घरच्या मासुकाकूंचा आवाज आला. काकू माहेरच्या बाजूच्या मानकरी. आवाज वाढवायची त्यांना कधी गरज पडली नाही.

“आंबुशीचं कडं कुठं गेलं? योहेइनं करवतीबरोबर तेही विकून खाल्लं का?”

सगळ्यांनी वर पाहिलं. तिन्ही आंबुशी मोकळ्या होत्या. थोरल्या पातीच्या. धाकट्या घरची पोर थोरल्या घरचा मान डोक्यावर घेऊन सासरी निघाली होती.

सासू उठली. तिनं काठीसकट पडदा उतरवला, कडेला ठेवला, आणि हिसानोच्या कोपराला धरून तिला तशीच आत नेली. उघड्या दारातून. भाताचं पातेलं घेऊन मोलकरीण जाते तशी.

दुसऱ्या दिवशी तोकुजिरो घरोघर फिरला. चूक माझी, कडं रेखायचं विसरलो, असं सांगत. आणि योहेइ थोरल्या घरी गेला, ओसरीवरही चढला नाही, खाली मातीत गुडघे टेकून कपाळ टेकलं. रंगाऱ्याची चूक, पदरात घ्या, म्हणाला. त्यानंतर तो लेकीच्या घराची पायरी कधी चढला नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ भरून गेला.

हा राग हिसानोनं जपला. मासुकाकूंवरचा, त्या गेल्या तरी. सासूवरचा, तीही गेली तरी. पण या दोघींना ती कधी काही बोलू शकली नव्हती. जिला बोलता येण्यासारखं होतं ती होती तोकुजिरोची मुलगी, मात्सुए.

दर डिसेंबरच्या शेवटी मात्सुए एक लाकडी बादली घेऊन येई. सलगमाच्या चकत्यांत मासा भरून मुरवलेलं लोणचं. दारातच कमरेत वाके आणि म्हणे, आमच्या वडलांच्या हातून चूक झाली. हिसानो म्हणे, “हं.” बस. बादली घेई. महिना-दोन महिन्यांनी धुऊन परत पाठवी. रिकामी.

इथं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काडेपेटी टाका, चार कागद टाका, काहीतरी टाकतात. हिसानो पक्क्या वळणातली बाई. दोन्ही वेळा देवासमोर बसून अमिदा बुद्धाचं नाम घेणारी. पण ती बादली ती दरवर्षी मुद्दाम रिकामी पाठवी, आणि पाठवताना तिला आत कुठंतरी गार वाटे. देवळात दोघी एकाच रांगेत बसत. मधे बसायच्या दोन उशा सोडून.

*

दुपारी जेवण झाल्यावर हिसानोनं पडदा खाली उतरवला, मांडीवर घेतला आणि बारीक कात्री काढली.

चिनात्सुनं विचारलं, काय करताय. सासू म्हणाली, उसवतेय. सुनेला पटेना. इतकं सुंदर काम, आणि कडं असलेलंच बरं ना, म्हणजे समितीच्या किनुयोबाई तरी गप्प राहतील. किनुयो म्हणजे थोरल्या घरची आत्ताची मालकीण. मासुकाकूंची सून, हिसानोची चुलतवहिनी, पंचाहत्तरीची, आणि या पडद्यांच्या समितीची अध्यक्ष. घरोघर फिरून कुठला पडदा कसा लावलाय ते ती स्वतः बघे.

“त्या गप्प राहाव्यात म्हणूनच हे शिवलंय,” हिसानो म्हणाली. “लावायचाच असेल तर जसा आला होता तसा लावीन. नाहीतर चुलीत घालीन. तू शब्द देऊन बसलीस ना, मग आता बघ.”

न विचारता उतरवला, न विचारता शिवला, न विचारता बाहेर काढला. या घरात त्या पडद्याला सगळ्यांचे हात लागले होते, तिचा एकटीचा सोडून. एकेक टाका कापताना ती सासूशी भांडत होती. शिवलात तर सांगायचं होतंत. एकदा म्हणायचं होतंत, हिसानो, मी चुकले, हा घे, आता लाव. वीस वर्षं एका चुलीवर भात शिजवला आपण.

पहिलं कडं अर्धं निघालं आणि तिची कात्री थांबली.

दोऱ्याखालचं रेशीम वेगळं होतं. आधी तिला वाटलं, मळ. मग तिनं पडदा उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरला. आंबुशीभोवती, दोरा होता बरोबर त्याच जागी, मोरपंखी रंगातच एक गोल रेघ होती. बाकीच्या रंगाहून केसभर गडद. दोन्ही कडांना रंग जरा जास्त साचलेला, ब्रशनं नंतर भरला की साचतो तसा.

सासूनं काही नव्यानं आखलं नव्हतं. जे बुजवलेलं तिला दिसलं, त्यावरच तिनं टाका घातला होता.

हिसानोनं दुसरी आंबुशी पाहिली. तिसरी पाहिली. तिन्हींना होती. सुताराच्या पोरीला एवढं कळत होतं. विसरलेल्या कामाची खूण राहत नाही. दाराला खाच पाडायची राहून गेली तर तिथं सपाट लाकूड असतं. खाच पाडून मग कुणी ती भरली, तरच तिथं पाचर दिसते. तोकुजिरो काही विसरला नव्हता. त्यानं कडं रेखलं होतं. पांढरं, नीट, तिन्ही. आणि नंतर ते कुणीतरी त्याला बुजवायला लावलं होतं.

कोणी, हे विचारायची तिला गरज नव्हती. पडदा ठरवायला, बघायला, आणायला एकच माणूस गेला होता.

मग तिला राग आला. आयुष्यभर आला होता त्याहून वेगळा. तो बाहेर जाई, लोकांवर. हा बापावर निघाला, आणि तिथून वळून परत तिच्याकडे आला.

*

बादली अजून तिच्याकडेच होती, यंदाची. मोरीत उपडी घातलेली. हिसानोनं ती पुसली, दुकानात गेली, देवासमोर लावायच्या लाल मेणबत्त्यांची एक जोडी उचलली. घरातली सगळ्यात चांगली, एइसाकुनं सणासाठी केलेली. त्यानं वर पाहिलं. आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या. ती जोडी बादलीत ठेवून ती नदीकाठी गेली.

रंगशाळा आता नव्हती. तोकुजिरोच्या त्या “चुकी”नंतर त्या वसंतातली लग्नाची कामं एकेक करून परत गेली होती. घराण्याची खूण जो चुकतो त्याच्याकडे कोण देणार? नवऱ्या मुलींचे पडदे रंगवणारा माणूस पुढं मासेमारीच्या होड्यांचे झेंडे रंगवून मेला. लाल, पिवळे, जाड ब्रशनं. मात्सुए त्याच जागेवर दोन खोल्यांत राहत होती. अंगणात मुळ्याची पानं वाळत घालत होती.

हिसानोनं बादली पायरीवर ठेवली. आज तीच कमरेत वाकली.

“पडदा उसवला,” ती म्हणाली. “कडं रेखलेलं होतं. बुजवलंय. तुला ठाऊक होतं?”

मात्सुएनं पानं पसरणं थांबवलं नाही.

“मी तिथंच होते. तेव्हा सोळा वर्षांची. कापड बांबूवर ताणून लावलं होतं, वाळलं होतं, दुसऱ्या दिवशी शिवायला जायचं होतं. तुझे वडील आले. कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, तोकुजिरो, तेवढं कडं बुजव. बाबा म्हणाले, वेड लागलंय का तुला. तुझे वडील म्हणाले, त्यांच्या घरात एवढी मोकळी आंबुशी कोरली मी, एकदा माझ्या पोरीच्या डोक्यावर असू दे. एकदाच. तिच्या सासरी कोण बघतंय.”

“आणि चूक म्हणून सांगायचं?”

“ते बाबाच म्हणाले. कुणी विचारलंच तर मी विसरलो म्हणेन, म्हणाले. त्यांना वाटलं हसण्यावारी जाईल. तुझे वडील नको म्हणाले नाहीत.”

हिसानो म्हणाली, मग तू इतकी वर्षं का येत होतीस? खरं माहीत असताना?

तेव्हा मात्सुए वळली. ती कधी आवाज चढवणारी नव्हती, आणि आत्ताही चढवला नाही.

“बाबांनी शब्द दिला होता म्हणून. ते गेल्यावर तो माझ्यावर आला म्हणून. पण खरं सांगू? पहिली दहा वर्षं शब्दासाठी आले. नंतर बघायला येत होते, तू कधी म्हणतेस ‘पुरे’. सेहेचाळीस बादल्या, हिसानो. तू एकदा म्हणाली नाहीस. आत काडेपेटीसुद्धा टाकली नाहीस. मी भांडं उघडायची, आणि रिकामं. दरवर्षी उघडून बघायची, मूर्खासारखी.”

“आज आहे,” हिसानो म्हणाली.

“दिसतंय. ठेव तिथं.”

तिनं ते उचललं नाही. आत ये म्हटलं नाही. हिसानो निघाली. पुलावर आल्यावर तिला वाटलं, आपण क्षमा मागायला गेलो होतो आणि क्षमा हा शब्द काढलाच नाही. परत जावंसं वाटलं. पण नुसत्या शब्दाचं मात्सुएनं काय केलं असतं? मातीत डोकं टेकून शब्द तर बापानंही काढले होते. क्षमा मागायची तर ज्या गावात तोकुजिरोचं नाव बुडालं त्या गावासमोर मागायला हवी होती. आणि तिथं मागायची म्हणजे बापाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. खोटारडा म्हणायचं, आणि थोरल्या घराच्या मानाला हात घालणारा म्हणायचं. मासुकाकू खऱ्या ठरणार होत्या.

चालता चालता ती बापाशी बोलत होती. पोरीच्या डोक्यावर असू दे म्हणालात. पोरीला विचारलंत? मला मान हवा होता का तुमचा? मला नुसतं त्या पडद्याखालून जायचं होतं, बाबा. कड्यासकट.

*

मेच्या पहिल्या दिवशी रस्त्यावरची सगळी दारं उघडी होती. मेणबत्तीवाल्यांचंही. दुकानातून आत आलं की समोर देवघराचं दार, आणि दारावर मोरपंखी पडदा, तीन मोकळ्या आंबुशी. सगळा दोरा निघाला होता. उजेड बाजूनं आला की बुजवलेली रेघ दिसत होती. शोधणाऱ्याला.

समितीनं प्रत्येक घराला छापील चिठ्ठी दिली होती. नवरीचं नाव, लग्नाचं साल, माहेर. हिसानोनं ती चिठ्ठी लावली आणि तिच्याखाली स्वतःच्या हातानं, ब्रशनं, दुसरी लिहून लावली. ‘रंगारी तोकुजिरो, नदीकाठचे. त्यांनी कडं रेखलं होतं. ते बुजवायला लावलं माझे वडील योहेइ इवासाका यांनी. रंगाऱ्याची चूक नाही.’

चिनात्सुनं ती दोनदा वाचली. म्हणाली, आई, मी नुसतं पडदा लावू म्हटलं होतं.

दहाच्या सुमारास किनुयोवहिनी आल्या. बरोबर समितीच्या दोघी, आणि आत आधीच सात-आठ पाहुणे होते. वहिनींची नजर सगळ्यात आधी वर गेली. थोरल्या घरच्या बायका आधी खूण बघतात.

“कडं धुण्यात गेलं वाटतं?”

“धुण्यात नाही वहिनी. मी उसवलं. सासूबाईंनी वरून शिवलं होतं.”

मग आहे ती रंगाऱ्याची चूक मिरवायची का, असं वहिनींनी विचारलं. हसून विचारलं, पाहुणे होते म्हणून. हिसानो पडद्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. ती उठली नाही, वाकलीही नाही. लग्नाच्या दिवशी जेवढ्या आवाजात मासुकाकू बोलल्या होत्या तेवढ्याच आवाजात तिनं सगळं सांगितलं. कडं रेखलं होतं. वडलांनी बुजवायला लावलं. मुद्दाम. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात, मातीत डोकं टेकून, ते खोटं बोलले. एका चांगल्या कारागिराचं नाव त्यात बुडालं आणि आम्ही ते बुडू दिलं. वडलांनी एकदा. मी सेहेचाळीस वर्षं.

वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“हे मला कशाला ऐकवतेस? त्या वेळची माणसं गेली सगळी.”

“तोकुजिरोचं नाव नाही गेलं. अजून कुणी मापात चुकलं की या गावात म्हणतात, तोकुजिरो झाला. तुम्हीही म्हणता.”

कुणीतरी पाहुणा खोकला. वहिनी चिठ्ठीजवळ गेल्या, चष्मा लावून ती वाचली. घराघरांत चिठ्ठ्या एकसारख्या असाव्यात असा समितीचा नियम आहे, म्हणाल्या. ही काढायला संध्याकाळी कुणाला तरी पाठवते.

“पाठवा. मी इथंच बसलेय. आठ दिवस.”

“बापावर गेलीस,” वहिनी म्हणाल्या.

“हो,” हिसानो म्हणाली.

वहिनी देवाला हात न जोडता वळल्या. दुकानाच्या उंबऱ्यावर मात्र थांबल्या. मागं न बघता म्हणाल्या, “आमच्या देवघराची दारं अजून एका बोटानं सरकतात. भूकंपातसुद्धा अडकली नाहीत.”

हे ऐकून हिसानोला बरं वाटायला हवं होतं. उलट तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे त्या माणसाला तो जिवंत असताना, शेवटच्या आसनावर बसलेला असताना कुणीतरी म्हणायचं होतं. एवढं एक वाक्य. मग कदाचित सगळी कडी जागच्या जागी राहिली असती.

दुपारी गर्दी ओसरली. दारात मात्सुए उभी होती. देवळात जाताना घालते तोच करडा किमोनो, हातात रिकामी बादली. चिठ्ठीजवळ गेली, वाचली. वाचायला तिला जितका वेळ लागायला हवा होता त्याहून खूप जास्त लागला. मग तिनं पडद्याची कड दोन बोटांत धरून उजेडाकडं वळवली आणि ती गडद रेघ पाहिली.

“घाईत भरलंय,” ती म्हणाली. “बाबांचा हात असा नव्हता.”

“देवाला हात जोडून जा,” हिसानो म्हणाली. “याखालून.”

“मी कशी जाऊ? पडदा तुझा. तू गेलीस का?”

हिसानो गेली नव्हती. सकाळपासून ती मागच्या दारानं देवघरात जाऊन दिवे लावून येत होती, रोजच्यासारखी. अडुसष्ट वर्षांची बाई नवरीसारखी पडद्याखालून वाकून जाताना पाहून लोक हसतील, असंही वाटलं होतं. ती गुडघे धरून उठली. मोरपंखी रेशीम तिच्या केसांवरून सरकलं आणि मागं पडलं. एवढंच होतं ते. एक पाऊल.

मागून मात्सुए आली. दोघी देवासमोर बसल्या. मधे उशी नव्हती. हिसानोनं माळ हातात घेतली, अमिदाचं नाम घेतलं, आणि राग होता तिथंच होता. बापावरचा, सासूवरचा, काकूंवरचा, सगळ्यांत जास्त स्वतःवरचा. ती तो तसाच घेऊन बसली. रागीट माणसालाही तो पदरात घेतो असं देवळात सांगतात, म्हणून तर ती रोज जात होती.

उठताना मात्सुएनं बादली तिच्यासमोर सरकवली.

“डिसेंबरात तू आण,” ती म्हणाली. “आणि मला मीठ कमी लागतं.”